रिलॅक्स... पण हळूहळू!

मसल रिलॅक्संटची पट्टी तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते, आणि आटपाडीतल्या एका खाटेशेजारच्या डब्यातही. दोन्हीकडचे नियम मात्र अगदी वेगळे आहेत!

तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय काय असतं? जुनी व्हिजिटिंग कार्ड्स, सॉसची दोन पाकिटं, कुणाचा तरी चार्जर आणि अर्धी संपलेली गोळ्यांची एक पट्टी. मान अवघडली, पाठीत उसण भरली, रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसून खांद्यांचे दगड झाले, की शेजारच्या डेस्कवरून कुणीतरी ती पट्टी सरकवतं. ‘घे रे, मसल रिलॅक्संट आहे. एकदम मस्त वाटेल.’ आपण घेतो. बरं वाटलं की विसरतो. चौथ्या दिवशी गोळी घ्यायची राहिली तर काय होतं? काहीच नाही!

आता याच नावाखाली येणारी दुसरी गोळी घ्या. तीही स्नायू सैल करते, तीही मेडिकलच्या काउंटरवरूनच येते. पण ती दोन दिवस राहिली, तर माणूस थेट हॉस्पिटलमध्ये पोचू शकतो. हा फरक मला कळला तो कुठल्या हेल्थ सेमिनारमध्ये नाही, तर माझ्या आजोळी, आटपाडीत.

आटपाडी म्हणजे सांगली जिल्ह्याचं वरचं टोक. माणदेश. गदिमांचं शेटफळे याच तालुक्यातलं. ‘दो आँखें बारह हाथ’ ज्या खुल्या तुरुंगावरून सुचला, तो औंध संस्थानातला स्वतंत्रपूरचा प्रयोगही इथलाच. पाऊस कमी, डाळिंब जास्त. मामाचं घर बागेतच आहे, आणि पडवीत खिडकीशी एक खाट. ती खाट माझ्या मामेभावाची, दादाची. वय चौतीस. चार वर्षांपूर्वी दिघंचीच्या रस्त्यावर त्याच्या बाईकला अपघात झाला, पाठीच्या मणक्याला मार लागला आणि छातीखालचं शरीर त्याचं ऐकेनासं झालं.

सुरुवातीचे काही आठवडे पाय एकदम लुळे होते. उचलला तर उचलला, सोडला तर धप्पकन पडला. आणि मग एका सकाळी मामीचा फोन आला. ‘अगं, पाय हलवला की गं त्यानं! म्या माझ्या डोळ्यानं बघितला!’ पांघरूण काढताना दादाचा उजवा पाय झटक्यात गुडघ्यात वाकला होता. मामीनं त्याच दिवशी खरसुंडीला जाऊन सिद्धनाथाला नारळ फोडला. पेढे वाटले. आठवड्याभरात दोन्ही पाय उडायला लागले. मग रात्री-अपरात्री. मग ते कात्रीसारखे एकमेकांवर चढून असे आवळून बसायचे, की मामा आणि मामी दोघांनी मिळून ओढले तरी सुटायचे नाहीत. लघवीची नळी बदलणं, आंघोळ, कपडे, सगळंच अवघड झालं. तपासणीला नेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हे पाय बरे होणं नव्हे. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात.

पेढे वाटून झाल्यावर हे ऐकणं काय असतं, ते मी मामीच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

ब्रेक फेल!

स्पॅस्टिसिटी म्हणजे काय? साध्या भाषेत सांगायचं, तर आपल्या मज्जारज्जूत, म्हणजे मणक्यातून जाणाऱ्या मुख्य केबलमध्ये, स्नायूंची एक ऑटोमॅटिक यंत्रणा असते. स्नायू ताणला गेला की तो आपोआप आखडतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात आणि पाय उडतो, तीच ही यंत्रणा. एरवी मेंदू वरून तिला सतत ब्रेक लावत असतो. मधली केबल तुटली किंवा दबली, की ब्रेक खाली पोचत नाही. मग चादर लागली, वाऱ्याची झुळूक आली, तरी पाय उडतो. हालचाल खरी असते, पण ती मेंदूची नसते.

हे फक्त अपघातात होतं असं नाही. अंगावरून वारं गेलेल्यांमध्ये, म्हणजे स्ट्रोकनंतर, हात छातीशी मुडपून बसतो तो यानेच. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये असतं, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही असतं. तुमच्या ओळखीत, नात्यात, सोसायटीत असं एक तरी माणूस नक्की असणार. फक्त त्याला आपण ‘पाय कडक झालेत’ एवढंच म्हणतो.

यावर सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे बॅक्लोफेन. तिची गोष्ट फिल्मी आहे. १९६२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सिबा कंपनीत, हाइनरिख केबर्ले यांनी ती बनवली ती फिट्सच्या आजारासाठी. फिट्सवर ती सपशेल फ्लॉप गेली. पण ती घेणाऱ्या काही पेशंट्सचे आखडलेले स्नायू सैल पडतात, हे लक्षात आलं आणि १९७० च्या दशकात ती या दुसऱ्याच कामासाठी बाजारात आली. शरीरात गाबा नावाचं एक रसायन असतं, ते नसांना ‘शांत व्हा’ म्हणतं. बॅक्लोफेन मज्जारज्जूत जाऊन त्याचीच नक्कल करतं. थोडक्यात, मेंदूचा ब्रेक खाली पोचत नाही, म्हणून बाहेरून दुसरा ब्रेक लावायचा.

आणि इथेच खरी मेख आहे. महिनोन् महिने बाहेरचा ब्रेक लावून चालवलेली गाडी... आणि भर घाटात तो ब्रेक अचानक काढून घेतला तर?

तीन दिवस, एक पार्सल

दादाच्या गोळ्या पुण्याहून जायच्या. ताई, म्हणजे त्याची सख्खी बहीण, हिंजवडीत नोकरी करते. दर महिन्याला ती प्रिस्क्रिप्शन दाखवून महिन्याच्या पट्ट्या घ्यायची आणि पार्सल करायची. सिस्टीम परफेक्ट होती. एका आषाढीला, वारीच्या गर्दीत, ते पार्सल कुठल्याशा गोडाऊनमध्ये अडकलं. मामानं जवळच्या मेडिकलमध्ये विचारलं. त्या दिवशी ती गोळी नव्हती. ‘मागवून देतो, परवा या.’ मामा म्हणाला, परवा तर परवा. दुखण्याची गोळी ती, दोन दिवसानं काय फरक पडतोय?

पहिल्या रात्री दादाला झोप नाही, अंगाला खाज. दुसऱ्या दिवशी पाय असे आवळले, की खाटेवरून तो दोनदा सरकला. तिसऱ्या दिवशी ताप, घाम, आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललीय म्हणून तो मामाकडे झाडू मागायला लागला. भिंत स्वच्छ होती. मामीला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. शेजारच्या एकानं तर बाहेरची बाधा म्हणून अंगारासुद्धा आणून दिला!

रात्रीच गाडी केली आणि विटा, तासगाव करत मिरज गाठलं. आमच्या भागात मोठं दुखणं म्हटलं की मिरज. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून गावाची ख्यातीच तशी आहे. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की कुठली गोळी बंद झालीय? मामीनं पिशवीतून रिकामी पट्टी काढून दिली. ती जपून ठेवायची तिची सवय त्या रात्री कामी आली. गोळी पुन्हा सुरू झाली, सलाईन लागलं, दोन दिवसांत मुंग्या गेल्या.

बॅक्लोफेन एकदम बंद केलं, की हेच होतं. ताठरपणा दुप्पट जोरानं परत येतो. भास होतात, ताप चढतो, फिट्स येऊ शकतात आणि वेळेत लक्षात आलं नाही तर जिवावर बेततं. म्हणून ही गोळी नको असेल तेव्हाही ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवडे घेऊन, पायरी-पायरीनं उतरवतात. ‘आता बरं वाटतंय, आजपासून नको,’ हे वाक्य इथे चालत नाही.

वाढवण्याचंही तसंच. मोठ्या माणसांमध्ये साधारणपणे ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी सुरुवात होते आणि दर तीन दिवसांनी थोडं-थोडं वाढवत, फायदा आणि त्रास यांचा मेळ बसेल तिथे थांबतात. दिवसाची वरची मर्यादा बहुधा ८० मिलिग्रॅम. हे आकडे घरी प्रयोग करण्यासाठी नाहीत हं! डोस प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो ठरवण्याचं काम डॉक्टरांचंच. आकडे सांगितले ते एवढ्यासाठी, की पट्टी हातात घेतल्यावर त्यावरची ताकद वाचा. एकाच औषधाच्या ५, १० आणि २५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. ‘तीच गोळी, कंपनी वेगळी आहे’ म्हणून काउंटरवरून १० च्या जागी २५ आली, तर डोस अडीचपट झाला ना!

जास्त झाली तर? माणूस पेंगतो, बोबडं बोलतो, अंग चिंधीसारखं सैल पडतं, श्वास मंदावतो. अशा वेळी ‘झोपू दे, दमलाय’ म्हणू नका. १०८ ला फोन करा.

गोळीचे शेजारी

ही गोळी एकटी कधीच राहत नाही. तिच्या आजूबाजूला सर्दीचं औषध असतं, झोपेची गोळी असते, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी असते आणि कधीकधी संध्याकाळी मित्रांनी आणलेली क्वार्टरही असते. या सगळ्यांनी पेंग येते आणि एकमेकांत मिसळल्या की पेंगेची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दादाच्या एका मित्रानं ‘एका पेगनं काय होतंय’ म्हणून विचारलं होतं. मामीनं त्याला बागेच्या बांधापर्यंत सोडून आली!

दुसरा शेजारी म्हणजे किडनी. बॅक्लोफेन शरीरातून बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. किडनी थकलेली असेल तर नेहमीचा डोसही आत साचत जातो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात किडनीचा आजार असलेल्या वयस्कर लोकांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त बॅक्लोफेन सुरू केलेल्यांपैकी सुमारे १.१ टक्के लोकांना महिन्याभरात भ्रम-गोंधळलेल्या अवस्थेत हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ०.०६ टक्के होतं. घरी आजोबांना स्ट्रोक झालाय आणि क्रिएटिनिनही वाढलंय? मग डॉक्टरांना हे दोन्ही एकाच दमात सांगा. न्यूरोच्या डॉक्टरांकडे न्यूरोची फाईल आणि किडनीवाल्यांकडे किडनीची, असं आपण घराघरांत करतो.

तिसरा शेजारी सगळ्यांत छुपा. बॅक्लोफेनऐवजी किंवा सोबत टिझानिडिन नावाची गोळीही देतात. मणक्याच्या पेशंटला नळीमुळे लघवीचं इन्फेक्शन वारंवार होतं, आणि त्यावर गावोगाव सर्रास लिहिलं जाणारं अँटिबायोटिक म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन. या दोघांची जोडी चक्क निषिद्ध आहे! टिझानिडिनचा निचरा करणारं लिव्हरमधलं एन्झाइम सिप्रो अडवून धरतं. मग रक्तातलं टिझानिडिन कित्येक पटींनी वाढतं, बीपी धाडकन खाली येतं आणि पेशंट गुंगीत जातो. दोन डॉक्टर, दोन कागद, दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर, आणि घरातलं कुणी एकमेकांना कागद दाखवत नाही. टिझानिडिन घेणाऱ्यांनी अधूनमधून लिव्हरची टेस्टही करायची असते, आणि तीही गोळी एकदम बंद करायची नसते.

पूर्ण ताई-स्टाईल उपाय सांगू? तिनं दादाच्या सगळ्या औषधांच्या नावांचा कागद लॅमिनेट केला. ब्रँडची नावं नाहीत, आतल्या औषधाची नावं, ताकद, वेळा. एक कॉपी खाटेपाशी, एक मामाच्या पाकिटात, एक फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन केलेली. आता गावातल्या दवाखान्यात तापासाठी गेले तरी मामा आधी कागद पुढे करतो. गोळ्यांचा साठाही बदललाय. पट्टी संपत आली की मागवायची, हे बंद. दोन आठवड्यांचा जास्तीचा डबा घरात असलाच पाहिजे, आणि तो उघडावा लागला की त्याच दिवशी ताईला फोन.

उपवासाचं काय? हा प्रश्न मामीचा. एकादशीला पाणीसुद्धा न घेणारी माणसं आमच्याकडे आहेत, आणि दादाही अपघाताआधी त्यातलाच. गोळी पोटात काहीतरी असताना घेतली तर मळमळ कमी होते. उपवासाला दूध आणि गोळी, अशी तडजोड झाली. उलट्या-जुलाब लागले आणि गोळी पोटात ठरतच नसेल, तर तेही गोळी बंद होण्यासारखंच आहे. तेव्हा वाट न पाहता दवाखाना. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवणार असतील, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं. आणि एखादी गोळी विसरलीच तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

बोट दुखतं, पण सांगणार कोण?

गेल्या उन्हाळ्यात दादाचे पाय पुन्हा जोरात आवळायला लागले. डोस तोच, वेळा त्याच. मामा म्हणाला, अर्धी वाढवू या का? आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येतात, त्यांनी आधी पांघरूण काढलं, पाय पाहिले, आणि अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं दाखवलं. लाल, सुजलेलं. दादाला ते कळणं शक्यच नव्हतं, छातीखाली संवेदनाच नाही. पण मज्जारज्जूला कळत होतं, आणि तो आपल्या भाषेत ओरडत होता. नख काढलं, पाय शांत.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ताठरपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधायचं. लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेली नळी, बद्धकोष्ठ, पाठीला सुरू झालेली जखम, घट्ट बूट, चादरीची घडी. गोळी वाढवून हे झाकता येतं, पण मग खाली जखम वाढत राहते. आणि रोजचं स्ट्रेचिंग? ते गोळीने सुटत नाही. गोळीमुळे पाय थोडे सैल पडतात, त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा, हाच तर तिचा उपयोग आहे.

गोळीखेरीज आणखी रस्ते आहेत. एकाच ठिकाणी, म्हणजे स्ट्रोकनंतर मुठीत किंवा टाचेत, ताठरपणा असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात. हो, हो, तेच! सुरकुत्यांवालं बोटॉक्स! असर साधारण तीन महिने, आणि सगळ्या शरीराला पेंग नाही. फारच हट्टी ताठरपणासाठी पोटाच्या कातडीखाली छोटा पंप बसवून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. शिकागोत पेन आणि क्रोइन यांनी १९८४ साली हा मार्ग दाखवला, अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. डोस मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये येतो. पण पंप म्हणजे खर्च, ऑपरेशन, आणि ठरलेल्या तारखेला तो भरून घेणं. तारीख चुकली तर गोळी चुकण्यापेक्षाही गंभीर. आटपाडीहून दर काही महिन्यांनी मोठ्या शहरात जायचं गणित मामानं कागदावर मांडलं आणि कागद घडी करून ठेवला.

आणि तुमच्या ड्रॉवरमधली पट्टी?

ती विसरले नाहीये! मान-पाठीसाठी आपल्याकडे लिहिली जाणारी थायोकोल्चिकोसाइड किंवा क्लोरझोक्झाझोनवाली गोळी वेगळी आहे. ती थोड्या दिवसांसाठीच असते. थायोकोल्चिकोसाइडबद्दल युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की तोंडाने घ्यायची तर सलग सात दिवसांपेक्षा जास्त नाही. गरोदर स्त्रियांनी नाही आणि गर्भनिरोधक न वापरणाऱ्या, मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांनीही नाही. कारण शरीरात तिच्यापासून बनणारा एक पदार्थ पेशींच्या गुणसूत्रांना इजा करू शकतो. शेजारच्या डेस्कवरून पट्टी सरकवताना हे कुणी विचारतं का? आणि बॅक्लोफेन, टिझानिडिन तर शेड्यूल एचमधली औषधं. प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायची नसतात. दादाची उरलेली पट्टी कुणाच्या तरी कंबरदुखीला ‘स्ट्रॉंग आहे’ म्हणून देणं, हा प्रकार आटपाडीत झालाय आणि कोथरूडमध्येही होतो.

दादाचं सध्या काय चाललंय? त्याने चक्क डोस कमी करून घेतलाय, डॉक्टरांशी बोलून. मधल्या काळात पाय इतके सैल झाले होते, की खाटेवरून व्हीलचेअरवर येताना ते खाली गळून पडायचे आणि मामाला त्याला अख्खं उचलावं लागायचं. थोडा ताठरपणा असला की पाय जमिनीवर टेकून धरतात, आणि हातांच्या जोरावर दादा स्वतः सरकू शकतो. हे त्याने स्वतः ओळखलं. डॉक्टरांनाही पटलं. सहा आठवडे लागले कमी करायला.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ ताईनं त्याला आणून दिलं होतं. सोळाव्या वर्षी पायांतली ताकद गेलेल्या, आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी करणाऱ्या नसीमादीदी. पुस्तक वाचून झाल्यावर त्याने मामाकडून पडवीला उतार करून घेतला. आता डाळिंबाच्या छाटणीला तो खुर्चीवरून बागेत असतो आणि मजुरांना सूचना देत असतो. दुपारी दोनला मोबाईलचा अलार्म वाजतो, तो खिशातून डबी काढतो, गोळी घेतो. पाय अजूनही अधूनमधून उडतात. परवा माझ्या समोरच उडाला, तर म्हणाला, ‘असू दे गं. तेवढा लागतोय मला.’